मदत हवी आहे: नैरोबीला फादरमामांकडे जाताना काय न्यावं?
नमस्कार मंडळी, आम्ही वसईचे. माझे मामा सालेशियन (डॉन बॉस्को यांच्या ख्रिस्ती धर्मसंघाचे) फादर, केनियात नैरोबीला रस्त्यावरच्या मुलांसाठी काम करतात. जानेवारीत आईला घेऊन जातोय. ईटीए, म्हणजे केनियात शिरायची ई-परवानगी, ऑनलाइन काढतोय. पिवळ्या तापाच्या लशीचं प्रमाणपत्र 10 दिवसांनी लागू होतं, हे वेळेत कळलं म्हणून वाचलो!

अडलंय वेगळंच. मी जुन्या कपड्यांची बॅग भरून ठेवली, तर मामा म्हणाले, "अरे, कपडे नकोत. इथे बाजारात मितुंबाचे, म्हणजे जुन्या कपड्यांचे, ढीग आहेत. फुटबॉल आण, हवा काढून. आणि पंप विसरू नकोस."

आईचा हट्ट मात्र घरच्या सुकेळ्यांचा, म्हणजे सुकवलेल्या केळ्यांचा. तिथल्या कस्टममध्ये चालतील का? आणि मुलांचे फोटो काढावेत का? मला तरी ते बरं वाटत नाही. अशा ठिकाणी कोणी राहून आलंय का?