हॅलोविन या भयपट मालिकेचे सगळे भाग कुठे भेटतील?

नंदनवनचा पोट्टा: काल रात्री लहान भावासोबत 1978 चा पहिला भाग पाहिला. दिग्दर्शक जॉन कार्पेंटरनं स्वतः रचलेली ती पियानोची धून कूलरच्या घरघरीतही अंगावर काटा आणते बाप्पा! झोपच नाही आली. एकूण 13 चित्रपट आहेत, पण माझ्याकडच्या अ‍ॅपवर दोनच दिसून राहिले. बाकीचे कुठे पाहू?

महालकर: एकाच जागी तेराही भेटणं कठीण आहे भाऊ. हक्क वेगवेगळ्या कंपन्यांकडे आहेत. कोणता चित्रपट कुठे पाहता येतो ते सांगणाऱ्या जस्टवॉच या साइटवर देश भारत निवड आन् एकेक भाग शोध. वर्गणीत आहे का भाड्यानं, ते कळते. यादी बदलत राहते, म्हणून पाहायच्या दिवशीच तपास.

धरमपेठची ताई: तेराची घाई नको करू रे. 1978 नंतर थेट 2018, 2021 आणि 2022 चे पाहा. ही चारांची एक सलग गोष्ट आहे, मधले भाग त्यात धरलेलेच नाहीत. मला मात्र 1981 चा दुसरा भाग फार आवडतो, तो त्याच रात्री पुढे सुरू होतो. 1982 च्या तिसऱ्यात मुखवटेवाल्या खुनी मायकेल मायर्सची गोष्टच नाही, हे भावाला आधीच सांगून ठेव.

नंदनवनचा पोट्टा: ताई, मग आज दुसराच लावतो. भाऊ आत्तापासूनच गादी टाकून बसला आहे.