मुंबईचे पहिले हौशी फोटोग्राफर: रोजचं जगणं की उभा केलेला देखावा?

मुक्ता_गिरगाव: १८५४ ला मुंबईत फोटोग्राफिक सोसायटी निघाली, मग १८५६ ते ५८ जॉन्सन आणि हेंडरसन ह्या इथल्या दोन गोऱ्या फोटोग्राफरनी 'इंडियन अमॅच्युअर्स फोटोग्राफिक अल्बम' काढला, दर महिन्याला अंक आणि आत खऱ्या प्रिंट्स चिकटवलेल्या. हल्ली जो तो त्यातले फोटो टाकून लिहितो, बघा तेव्हाची मुंबई कशी जगायची. मला अजिबात पटत नाही. माणसं जातीजातीचे नमुने असल्यासारखी उभी केलीत आणि जॉन्सनच्या मुंबईतल्या जातीजमातींवरच्या पुस्तकाच्या १८६३ आणि ६६ च्या दोन खंडांत तर वेगळीकडे काढलेली माणसं कापून दुसऱ्याच देखाव्यावर बसवलीत!

ओली_काच: अहो पण तेव्हाचं तंत्र तरी बघा. काचेवर कलोडियन म्हणजे एक चिकट द्रव ओतायचा, मग ती काच सिल्व्हर नायट्रेटमध्ये बुडवायची, ओली आहे तोवर फोटो घ्यायचा आणि लगेच तिथेच डेव्हलप करायची, मुंबईच्या उन्हात काच वाळायला कितीसा वेळ लागणार? एक्स्पोजर काही सेकंदांचं, चालता माणूस पुसटच येणार. बाजारातली धांदल टिपणार कशी, जरा थांबा म्हणावंच लागायचं.

मुक्ता_गिरगाव: थांबवलं त्याचं काही नाही हो. पण खाली नाव कुठंय त्या माणसाचं? जात नाहीतर धंदा, संपलं.

तिसरा_माळा: मुक्ताताई, सगळे साहेबच होते असं धरून चाललाय तुम्ही. भाऊ दाजींचे धाकटे बंधू डॉ. नारायण दाजी सोसायटीत होते, त्यांचे फोटो ह्याच अल्बममध्ये आहेत. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशनमध्ये १८५५ ला फोटोग्राफीचा वर्ग निघाला, पुढे फोटोग्राफर झालेले हरिश्चंद्र चिंतामण तिथेच शिकले. आणि उभा केलेला फोटो झाला तरी पगडी कशी बांधलीय, लुगडं कसं नेसलंय, पायात काय आहे हे कुठून मिळणार होतं दुसरीकडे? मला तर ते बघताना भरून येतं.

मुक्ता_गिरगाव: नारायण दाजींबद्दल आदर आहेच, पण आपला माणूस कॅमेऱ्यामागे आला म्हणून समोरच्याला नाव मिळालं का? छापताना तेही त्याच वर्गवारीत गेलं. कपड्यांच्या अभ्यासाला वापरा, जरूर वापरा. फक्त जॉन्सनचं जोडचित्र शेअर करताना मागचा देखावा नंतर लावलाय एवढं तरी खाली लिहा.

ओली_काच: ते मात्र लिहायलाच हवं. बाकी तुमचं म्हणणं मला अजून पटलेलं नाही.