ली क्रॅस्नरचं सतरा फुटी चित्र वर्गात कसं दाखवायचं?

प्रश्न (खानापूर)
अभ्यासगटात ली क्रॅस्नर घ्यायची आहे, म्हणजे अमेरिकन अमूर्त चित्रकार, जॅक्सन पोलॉक या चित्रकाराची बायको. ‘द सीझन्स’ (१९५७) मोबाईलवर दाखवलं की ‘पोलॉकच्या बायकोची पानंफुलं’ एवढ्यावरच चर्चा संपते. मूळ चित्र सुमारे २३५ × ५१८ सेंमी, म्हणजे पावणेआठ फूट बाय सतरा फूट. हॉलची भिंत २० फूट, प्रोजेक्टर ३००० ल्युमेनचा. फ्लेक्स छापावा का?

उत्तर (टिळकवाडी)
फ्लेक्स नको. चकाकतो, त्यावर ट्यूबलाईटचे पट्टे उमटतात. आधी भिंतीवर कागदी टेपने नेमकी चौकट आखा, मग प्रतिमा तिच्यात बसवा. थ्रो रेशो (भिंतीपासूनचं अंतर भागिले प्रतिमेची रुंदी) १.५ असेल तर एवढ्या रुंदीला पावणेआठ मीटर अंतर लागेल. प्रोजेक्टरची पूर्ण प्रतिमा १६:९ प्रमाणात, चित्राहून उंच; म्हणून उजेड सुमारे १५ चौरस मीटरवर पसरतो, म्हणजे चौरस मीटरला जेमतेम २०० ल्युमेन. तेव्हा खिडक्या काळ्या कापडाने पूर्ण झाका. प्रोजेक्टर भिंतीशी काटकोनात ठेवा. कीस्टोनने (तिरकी प्रतिमा सरळ करायची प्रोजेक्टरमधली सोय) ओढून सरळ केलेली प्रतिमा कडांना मऊ पडते.

उत्तर (निपाणी)
१९२० पिक्सेल ५१८ सेंमीवर ताणले की सेंटीमीटरला चारसुद्धा येत नाहीत. जवळ गेलं की फराटा विरघळतो. जवळून काढलेला चांगला फोटो मिळाला तर त्यातला अर्धा मीटरचा तुकडा खऱ्या मापात मॅट कागदावर छापून शेजारी लावा.

आता बघायचं काय? पोलॉक कापड जमिनीवर पसरायचा, ही भिंतीला ठोकून रंगवायची. वरच्या टोकाला पोचायला लांब दांड्याचा कुंचला घेऊन उडी मारायची. पोरांना कोरडा कुंचला द्या नि टेपच्या चौकटीत एक मोठं वळण हवेत ओढायला सांगा. मनगट पुरत नाही, कोपर पुरत नाही, खांदा फिरवून एक पाऊल सरकावं लागतं. तिथेच चित्राचा आकार अंगाला कळतो बघा. बेळगावचे चित्रकार के. बी. कुलकर्णी यांची व्यक्तिचित्रं बघत तयार झालेली आपली नजर आधी चेहरा शोधते. इथे नजर टेकवायला एक जागा नाही, ती चालतच राहते. माझ्या मते चित्राची खरी ताकद ती.

‘पोलॉक १९५६ मध्ये गेला, त्याचं कोठार (तिथे त्याचा स्टुडिओ होता) हिला मिळालं, म्हणून चित्रं मोठी झाली’ हे अर्धंच खरं. जागेने आकार दिला, पण सतरा फूट तोलून धरणं हे तिचं काम. १९४६ पासूनची तिची ‘लिटल इमेज’ मालिकेतली लहान चित्रं आधी दाखवा. छोट्या जागेत कडेपासून कडेपर्यंत सारखी वीण आहे. तो सराव इथे कामी आलाय.

प्रश्न (खानापूर)
तिचं ‘द आय इज द फर्स्ट सर्कल’ (१९६०) हे चित्र पण घेऊ का?

उत्तर (टिळकवाडी)
घ्या की, पण प्रोजेक्टरवर नको. झोप लागत नसे म्हणून ती तेव्हा रात्री, विजेच्या उजेडात रंगवायची; त्या उजेडात रंगांचा भरवसा नाही, म्हणून तपकिरी नि पांढऱ्यावर आली. प्रोजेक्टरला खरा काळा जमत नाही, गडद तपकिरी राखाडी होतो. मॅट छपाईच करा, आकार लहान झाला तरी चालेल. फक्त मूळ मापाची चौकट टेपने शेजारी आखून ठेवा.