वडिलांना दवाखान्यात नेताना झालेल्या दंडाबाबत मदत हवी आहे

नमस्कार. गेल्या महिन्यात मध्यरात्री वडिलांच्या छातीत कळा येऊ लागल्याने त्यांना निपाणीहून बेळगावच्या दवाखान्यात नेत असताना पुणे-बेंगळुरू महामार्गावर पोलिसांनी आमची गाडी अडवली. वेग जास्त होता, हे मला मान्य आहे. (१०८ला फोन का केला नाही, असे कोणी विचारण्याआधीच सांगतो: केला होता, पण गाडी यायला वेळ लागणार होता.) आई वडिलांचे डोके मांडीवर घेऊन मागे बसली होती आणि मला मोडक्या कन्नडमध्ये ‘एदे नोवु’ (छातीत दुखणे) एवढेच सांगता आले. फौजदार कागदपत्रे तपासत राहिले; हवालदाराने मात्र वडिलांच्या घामेजल्या चेहऱ्यावर टॉर्च टाकला आणि काही न बोलता स्वतःच बॅरिकेड बाजूला सरकवले. वडील आता बरे आहेत.

मोटार वाहन कायदा, १९८८ मधील कलम १८३ खाली वेगाबद्दलची कन्नड नोटीस नंतर घरी आली. कलम २०० प्रमाणे तडजोडीची रक्कम भरल्यास प्रकरण मिटते, हे मला ठाऊक आहे. परंतु ती न भरता, दवाखान्यात दाखल केल्याची वेळ नोंदवलेला कागद न्यायालयापुढे ठेवल्यास दंड कमी झाल्याचा अनुभव कोणाला आहे का? तसेच बेळगाव शहरासाठी पोलीस आयुक्त आणि उर्वरित जिल्ह्यासाठी पोलीस अधीक्षक असल्याने विनंतीअर्ज कोणाकडे द्यावा, आणि तो मराठीत दिलेला चालेल की सोबत कन्नड प्रत जोडावी, हेही कृपया कळवावे. त्या हवालदाराबद्दल दोन चांगले शब्द त्याच अर्जात लिहिले, तर त्यालाच उलट त्रास तर होणार नाही ना?