शब्दचर्चा : 'संत' आणि 'सेंट' एकाच मुळाचे?

प्रश्न : इटलीतल्या पाडुआच्या सेंट अँथनीला मराठीत संत अंतोनी म्हणतात. तर संत, सेंट, पोर्तुगीज सांतु हे सगळे एकाच मुळातून आलेत का? संस्कृत-लॅटिनमधे मातृ-मातेर, दंत-देन्तिस अशा जोड्या आहेतच की.

प्रतिसाद : नाही हो, इथे कान फसवतो. आपला संत 'सत्' मधून आला, त्याचा धातू अस्, म्हणजे असणे. सेंट आला लॅटिन सांक्तुस वरून, त्याचं क्रियापद म्हणजे विधिपूर्वक पवित्र ठरवणं, पक्कं करणं. लोन 'सँक्शन' झालं म्हणतो ना आपण, ते त्याच घरातलं! आणि अंतोनींचं तसंच झालं बघा, लिस्बनचा हा माणूस, मूळ नाव फर्नांदो, 1220 ला फ्रान्सिस्कन पंथाचा साधू झाला, प्रवचनांनी इटली गाजवली, 13 जून 1231 ला पाडुआजवळ वारला आणि 30 मे 1232 ला नवव्या ग्रेगरी पोपने संत जाहीर करून टाकलं, म्हणजे वर्षश्राद्धाच्या आधीच सँक्शन. आपल्या तुकोबांना असं कोणी सर्टिफिकेट दिलं नाही, लोक म्हणाले म्हणून ते संत.

प्रतिसाद : व्युत्पत्ती मान्य, पण शेवटचं वाक्य जरा एकतर्फी वाटतं. सुरुवातीच्या काळात तिकडेही लोकच ठरवायचे, हुतात्म्याच्या थडग्यावर गर्दी जमली की झाला संत. हा अधिकार फक्त पोपचा, हे कायद्याच्या संग्रहात आलं 1234 ला, आणि तो संग्रह काढणारा पोप हाच ग्रेगरी. पाडुआचे लोक तर अजूनही नाव घेत नाहीत, नुसतं 'इल सांतो' म्हणतात, त्यांच्या बॅसिलिकाला, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चलासुद्धा तेच. माऊली म्हटलं की कोण ते आपल्याला सांगावं लागतं का?

प्रतिसाद : गोव्याचा पुरावा राहिला की. 1655 मधे राशोलला रोमन लिपीत छापलेलं पाद्री सालदान्यचं पुस्तक आहे, 'सांतु आंतोनीची जीवित्वकथा'. 'जीवित्वकथा' अस्सल देशी पण 'संत' नाही, पोर्तुगीज 'सांतु' तसाच ठेवलाय! मला वाटतं मुद्दामच, नाहीतर ऐकणाऱ्याला नामदेव-एकनाथच आठवले असते.

प्रश्नकर्ता : भारी, सँक्शन आता विसरणार नाही. पण ते पाडुआचे की लिस्बनचे?

प्रतिसाद : पोर्तुगीजांना विचाराल तर लिस्बनचेच. जन्मगाव त्यांचं, समाधी इटलीची, वाद मिटायचा नाही. 1263 ला थडगं उघडलं तेव्हा जीभ शाबूत होती म्हणतात, ती पाडुआतच ठेवलीय. आपण जिभेवर सरस्वती म्हणतो, त्यांनी जीभच जपली.