ओत्रांतो (दक्षिण इटली): मध्ययुगीन काय पाहावे, किती वेळ ठेवावा?

पायवाट:
पुढील महिन्यात लेच्चे येथे मुक्काम असताना एक दिवस ओत्रांतोसाठी राखून ठेवला आहे. बहुतेक माहितीपत्रकांत तेथील किल्ल्याला अग्रस्थान दिलेले दिसते; परंतु मला बाराव्या शतकाच्या आगेमागे झालेले आणि आजही टिकून असलेले काम पाहण्यात अधिक रस आहे. किल्ल्याला किती वेळ द्यावा आणि कॅथेड्रलच्या फरशीत काय शोधावे, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

शिलालेख:
किल्ला शेवटी ठेवावा. १४८० मध्ये गेदिक अहमद पाशाच्या उस्मानी सैन्याने गाव जिंकले, १४८१ मध्ये ते नेपल्सच्या राज्याकडे परत आले, आणि आज दिसणारा किल्ला मुख्यतः त्यानंतर तोफांचा मारा डोळ्यांसमोर ठेवून बांधला गेला. त्याचे जाडजूड गोल बुरूज पाहण्यासारखे आहेत, पण ते आपल्याला हव्या असलेल्या काळातील नव्हेत.

खरा वेळ कॅथेड्रलच्या मोझेक फरशीला, म्हणजे रंगीत तुकडे जडवून केलेल्या चित्रमय फरशीला, द्यावा. आर्चबिशप जोनाता यांच्या आज्ञेवरून पान्तालेओने नावाच्या पाद्रीने ती ११६३ ते ११६५ या काळात घडवली. दारापाशी उभे राहून वेदीच्या दिशेने पाहिल्यास तिची मांडणी उलगडते: दोन हत्तींच्या पाठीवर एका महाकाय वृक्षाचे खोड उभे आहे आणि त्याच्या दोन्ही बाजूंना बायबलमधील नोहाची नौका, बाबेलचा मनोरा, एवढेच नव्हे तर ग्रिफिनांच्या (गरुडाचे डोके व सिंहाचे शरीर असलेल्या काल्पनिक प्राण्यांच्या) साहाय्याने आकाशात चढणारा सिकंदरही आहे. चर्चच्या फरशीवर सिकंदर कशासाठी, असा प्रश्न कोणालाही पडेल. मध्ययुगात ही कथा गर्वाचे उदाहरण म्हणून सांगितली जात असे. बोकडासारख्या प्राण्यावर बसलेला, ब्रिटनच्या दंतकथांतील राजा आर्थरही नावासकट आहे, मात्र त्या चित्रात पुढे दुरुस्त्या झालेल्या आहेत. मला स्वतःला बारा महिन्यांची वर्तुळे सर्वांत आवडली, कारण राशींच्या जोडीला त्यांत कापणी, मळणी आणि द्राक्षे तुडवणारी माणसे दिसतात.

ओसरी:
वरील प्रतिसादाशी सहमत. फक्त दोन गोष्टींची भर घालतो. कॅथेड्रलखालच्या तळघरात खांबांचे अक्षरशः रान आहे, आणि जुन्या इमारतींतून आणलेल्या त्या खांबांचे शिरोभाग एकमेकांशी जुळत नाहीत. दुसरे म्हणजे सान पिएत्रोचे छोटे बायझंटाइन (पूर्व रोमन साम्राज्याच्या काळातील) चर्च: चार खांबांवर पेललेला घुमट आणि भिंतीवर शिष्यांचे पाय धुणारा येशू. नॉर्मन (उत्तर फ्रान्समधून आलेले योद्धे) येण्यापूर्वी हे गाव त्या साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपलच्या अंमलाखाली होते, हे तेथे गेल्यावर वेगळे सांगावे लागत नाही.

वाटसरू:
सोबत लहान मुले असल्यास एक सूचना. कॅथेड्रलमध्ये उजव्या बाजूच्या प्रार्थनाकक्षात, १४८० च्या ऑगस्टमध्ये शिरच्छेद झालेल्या सुमारे ८०० पुरुषांच्या कवट्या आणि अस्थी काचेमागे उघड मांडलेल्या आहेत. २०१३ मध्ये त्यांना संतपद देण्यात आले. शिवाय इटलीतील अनेक चर्च दुपारी काही तास बंद असतात, तेव्हा कॅथेड्रल आणि सान पिएत्रो सकाळीच पाहून घ्यावे.