वजन कमी होईल, पण आधी ब्रेक ऑइल पाहा

पोर्शे केमन या स्पोर्ट्स कारला हलक्या टू-पीस ब्रेक डिस्क (मधला भाग वेगळा, बाहेरची लोखंडी कडी वेगळी) बसवाव्यात का, हा तुमचा प्रश्न वाचला. जरूर बसवा. मधला भाग ॲल्युमिनियमचा असल्याने वजन थेट चाकावरचं घटतं, म्हणजे सस्पेन्शनच्या स्प्रिंगच्या खालचं. इंदूरच्या खडबडीत रस्त्यांवर चाक जमिनीला जास्त धरून राहतं, हा फरक स्टिअरिंगवर हाताला कळतो.

मात्र ब्रेक पॅड जिच्यावर घासतात ती कडी बारीक करून वजन वाचवलेली डिस्क घेऊ नका. उष्णता साठवायला लोखंडच लागतं. खंडवा रोडचा भेरूघाट उतरताना माझा पेडल अचानक मऊ पडला, पार खाली गेला. चोरलला थांबलो तर चाकांतून जळका वास. दोष डिस्कचा नव्हताच. ब्रेक ऑइल काळ्या चहासारखं झालेलं! ते उकळलं की आत वाफ होते आणि पेडल मऊ पडतो. डॉट ४ दर्जाचं ऑइल नवं असताना किमान २३० अंश सेल्सिअसला उकळतं, हवेतला ओलावा शोषल्यावर ही हमी १५५ वर येते. आपल्याकडच्या पावसाळ्यानंतर तर बघायलाच नको. दर २ वर्षांनी बदलाच.

कार्बन-सिरॅमिकच्या डिस्क मात्र रोजच्या पलासिया-विजयनगरच्या ट्रॅफिकसाठी मला पटत नाहीत, खर्च फार. त्या पैशात चांगले पॅड, स्टीलच्या जाळीचे होज (ब्रेक ऑइलच्या नळ्या) आणि ताजं ऑइल येऊन वर बरेच उरतील. आणि हो, नवे पॅड डिस्कवर घासून नीट बसेपर्यंत गाडी घाटात नेऊ नका.